एलजीबीचा पितळी रूळ: झाडोरा माजलेल्या बागेत किती टिकतो, कुठे अडतो

बागेत चालवायच्या छोट्या, प्रतिकृती रेल्वेगाड्यांसाठी एलजीबीचा ४५ मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेला) पितळी रूळ मिळतो. त्याचं हे परीक्षण एकाच प्रश्नाभोवती आहे. जिथे वेली, गवत, मुळं आणि पालापाचोळा यांचंच राज्य आहे, अशा बागेत हा रूळ टाकावा का? उत्तर आधीच देतो: टाकावा, अगदी निःशंक टाकावा, पण गाडी धावायचा रस्ता म्हणून. इंजिनापर्यंत वीज नेणारी तार म्हणूनही त्याच्यावरच भिस्त ठेवायची असेल, तर रुळाचे तुकडे जोडणाऱ्या मूळच्या जोडपट्ट्या बदलण्याची आणि दर वेळी रूळ घासण्याची तयारी हवी. स्टार्टर संचात येणारं सर्वांत लहान वळण मात्र अशा बागेत वापरूच नये.

एलजीबी म्हणजे लेमान ग्रॉस बान. न्युरेंबर्गच्या अर्न्स्ट पाउल लेमान या खेळण्यांच्या कारखान्याने ती १९६८ साली बाजारात आणली. २००७ मध्ये ती मेर्क्लिन या प्रतिकृती रेल्वे बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. मीटर गेजची गाडी १:२२.५ या प्रमाणात लहान करून ४५ मिमीच्या रुळावर चालवायची, ही मूळ कल्पना. रुळाची घडण इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. जुना तुकडा आणि नवा तुकडा एकमेकांना सहज जोडता येतात, पिको या दुसऱ्या कंपनीचा जी गेजचा (म्हणजे याच ४५ मिमीचा) पितळी रूळही त्यात बसतो.

रुळाची उंची ८.४ मिमी. यालाच कोड ३३२ म्हणतात, म्हणजे इंचाच्या हजारांशात मोजलेली उंची. ती २२.५ ने गुणली की खऱ्या रेल्वेत १८९ मिमी होते. मोठ्या रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा यूआयसी ६० रूळसुद्धा १७२ मिमीच उंच असतो. तेव्हा अरुंद गेजच्या छोट्या गाडीखाली हा रूळ जाडजूड दिसतो, यात वाद नाही. ज्यांना जवळून फोटो काढायचे आहेत त्यांनी पेको कंपनीचा जी-४५ हा रूळ पाहावा. तो कोड २५०, म्हणजे ६.३५ मिमी उंच, निकेल सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) आणि ९१४ मिमी लांबीचा असतो. सौम्य वळणाला हातानेच वाकतो.

पण झाडोऱ्यात हीच जाडी कामाला येते. वरून फांदी पडली, कुत्रं धावून गेलं, तण काढताना पाय पडला, तरी कोड ३३२ वाकत नाही. खाली पाया पक्का असेल तर मोठ्या माणसाचं वजनही पेलतो. खालून मूळ वर येऊ लागलं की बारीक रूळ त्याच जागी कुबड काढतो. हा मात्र दोन्ही बाजूंना लांबवर हळूहळू उचलला जातो आणि गाडी त्यावरून बिनधोक जाते, निदान तुम्हाला ते मूळ दिसेपर्यंत तरी. शिवाय चाकाची कड रुळाच्या माथ्यापासून साधारण ३ मिमी खाली उतरते. उंच रुळात तिच्याखाली बरीच जागा उरते, त्यामुळे शेवाळ, मातीचे कण, बारीक खडे स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर) साठले तरी गाडी लगेच उचलली जात नाही. बुटक्या रुळावर त्याच कचऱ्याने डबा घसरतो.

स्लीपर प्लास्टिकचे असले तरी उन्हासाठी त्यात अतिनील किरणांना रोखणारं द्रव्य घातलेलं असतं. दाट सावलीत ते फार वर्षं टिकतात. तिथे त्यांचा खरा शत्रू ऊन नसून तण जाळायचा गॅसचा बर्नर असतो. एकदा ज्योत लागली की रूळ धरून ठेवणारे चिमटे वितळतात, आणि ते पुन्हा बसवता येत नाहीत.

लांबी किती घ्यावी?

सरळ तुकडे प्रामुख्याने ३०० मिमी आणि १२०० मिमी अशा लांबीत येतात. झाडोऱ्यासाठी १२०० मिमीच घ्यावेत. वीस मीटरच्या बंद मार्गाला ३०० मिमीचे ६७ तुकडे लागतात आणि दोन्ही रुळांचे मिळून १३४ जोड होतात. १२०० मिमीचे १७ तुकडे पुरतात आणि जोड होतात ३४. बिघाडाच्या जागा थेट एक चतुर्थांशावर येतात. लांब तुकडे वळवायला दोन्ही रूळ एकदम वाकवणारं रूळवाकणी यंत्र लागतं. कोड ३३२ हाताने किंवा गुडघ्यावर वाकवायला जाऊ नये, मध्ये कोन पडतो आणि तो कोन पुन्हा निघत नाही. यंत्राचा स्क्रू दर फेरीला पाव वळण फिरवावा आणि यंत्र तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता न्यावं. वाकवल्यावर बाहेरचा रूळ आखूड पडतो आणि आतला पुढे येतो. तो फरक कापून टाकायचा, जोडात ओढून बसवायचा नाही.

वळणांची गोष्ट सरळ आहे. वळणाचे तुकडे आर-१, आर-३, आर-५ अशा नावांनी ओळखले जातात; आकडा मोठा तशी त्रिज्या मोठी. आर-१ ची त्रिज्या ६०० मिमी, बारा तुकड्यांत वर्तुळ पूर्ण. स्टार्टर संचात हेच असतं, कारण ते खोलीत जमिनीवर मावतं. बागेत त्यावर डब्यांची टोकं इतकी बाहेर झुकतात की रुळाच्या दोन्ही बाजूंची झाडं दर आठवड्याला छाटावी लागतात, आणि ओल्या रुळावर लांब गाडीचा निम्मा जोर वळणाच्या घर्षणातच जातो. आर-३ ची त्रिज्या सुमारे १.२ मीटर, वर्तुळाला सोळा तुकडे. झाडोऱ्यासाठी ही किमान मर्यादा मानावी. जागा असेल तर आर-५ घ्यावं, साधारण २.३ मीटर त्रिज्येचं. जागा नसेल तर मार्ग लहान करावा, वळण लहान करू नये.

जोड: या रुळाची खरी दुखरी नस

कोड ३३२ चा पितळी रूळ स्वतः उत्तम वाहक आहे. दहा मीटर सलग रुळाचा विद्युतरोध ओहमच्या काही शतांशांपलीकडे जात नाही. तीन अँपिअर प्रवाहाला एवढ्या अंतरात व्होल्टचा दहावा भागही गळत नाही. तरीही दूरच्या कोपऱ्यात इंजिन मंदावतं, दिवे फिके होतात. हा दोष रुळाचा नसतो, जोडपट्टीचा असतो.

मूळची जोडपट्टी म्हणजे रुळाच्या तळाला कवटाळणारी पितळी पत्र्याची चीप. ती नवी असताना घट्ट बसते. मग ऊन-सावलीने रूळ लांब-आखूड होतो, चीप आत-बाहेर सरकते आणि तिची पकड सैल पडते. सैल फटीत पाणी, मातीचं बारीक पीठ आणि पानांचा रस शिरतो, पितळेवर ऑक्साइड धरतं, आणि हा थर वीज नीट वाहू देत नाही. पट्टीत भरायची ग्राफाइट किंवा धातूची पेस्ट मिळते. तिने पाण्याला अटकाव होतो आणि काही काळ सुधारणा दिसते. पण झाडोऱ्यात पेस्टलाच धूळ चिकटते. कोरड्या, उघड्या बागेत पेस्टने काम भागत असेल; इथे तिच्यावर विसंबू नये.

अजून एक कारण फार कमी लोक लक्षात घेतात: अमोनिया. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाच्या वाफांत तडकतं. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं भारतातल्या पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असताना अशीच तडकली होती, आणि घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली उलगडलं. रूळ स्वतः जाड आहे, त्याला याची फारशी बाधा नाही. जोडपट्टी मात्र पातळ, वाकवलेली आणि कायम ताणलेली. तेव्हा रुळाच्या हातभर अंतरात युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजं शेणखत टाकू नये. कुजलेलं, वास न येणारं कंपोस्ट चालतं. जोडपट्टी उभी चिरलेली दिसली की आधी खताकडे बघा.

उपाय म्हणजे स्क्रूचे क्लॅम्प. मासोट, हिलमन, ट्रेन-ली अशा उत्पादकांचे मिळतात. दोन प्रकार आहेत. एक मूळ जोडपट्टीच्या वरून बसतो. तो जुन्या, आधीच टाकलेल्या मार्गासाठी बरा, कारण रूळ उचलावा लागत नाही. दुसरा जोडपट्टी काढून थेट रुळाला धरतो. नवीन मार्गाला हाच घ्यावा, कारण मध्ये गंजकी चीप उरतच नाही. बसवण्याची पद्धत अशी: पक्कडीने पट्टी ओढून काढायची, रुळाच्या तळाच्या शेवटच्या दीड-दोन सेंटिमीटरला बारीक कानसीने चमक आणायची, स्पिरिटने पुसायचं, क्लॅम्पच्या आत पेस्टचा पुसटसा हात द्यायचा, आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की क्लॅम्प तिरपा बसतो आणि एका रुळाचं टोक केसभर वर राहतं. बोटाने माथ्यावरून चाचपून पाहा. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते. शेवटच्या स्लीपरचा चिमटा आड येत असेल तर तेवढाच कापावा, स्लीपर काढू नये. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच असू द्यात. साधे लोखंडी स्क्रू पहिल्या पावसातच गंज धरतात आणि मग ॲलन-कीची खाच फिरून गुळगुळीत होते.

क्लॅम्पने सगळंच घट्ट केलं तर प्रसरणाचं काय? पितळ दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे १९ दशलक्षांश वाढतं. ४० अंशांच्या फरकात १२०० मिमीचा तुकडा ०.९ मिमी वाढतो, वीस मीटरचा मार्ग १५ मिमी. खडीत मोकळा ठेवलेला मार्ग वळणांवर थोडा बाहेर सरून ही वाढ पचवतो. सिमेंटमध्ये किंवा फळीवर स्क्रूने आवळून बसवलेला पचवू शकत नाही आणि दुपारी नागमोडी होतो. म्हणून लांब सरळ भागात दर तीन-चार तुकड्यांनंतर एक जोड सरकता ठेवावा: तिथे मूळची जोडपट्टीच ठेवायची, सकाळच्या गारव्यात दीड-दोन मिमीची फट सोडायची, आणि वीज रुळातून नेणार असाल तर दोन्ही टोकांना लवचिक तारेचा पूल डाखायचा. जाड पितळ उष्णता झटकन ओढून नेतं, त्यामुळे डाख रुळाच्या बाहेरच्या कुशीवर आणि १०० वॉटच्या आसपासच्या डाखणीनेच द्यावा. छोट्या डाखणीने चिमटे वितळेपर्यंत धरून बसावं लागतं आणि डाख तरी बसत नाहीच.

वीज रुळातून की बॅटरीतून?

रुळातून वीज न्यायचीच असेल तर मार्गाच्या कडेने २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेची जोडी फिरवावी आणि दर चार-पाच मीटरवर रुळाला जोड द्यावा. ट्रान्सफॉर्मर घरात, बाहेर फक्त कमी व्होल्टेज, आणि घरच्या जोडणीवर गळतीरोधक स्विच. यात तडजोड नाही. एवढं करूनही रुळाच्या माथ्याचा प्रश्न उरतो. पानं चिरडली की त्यांचा चिकट थर माथ्यावर दाबून बसतो, गोगलगायीचा चिकटा वाळून काचेसारखा होतो, झाडाचा डिंक गळतो. माथ्यावरचा हा थर विजेला अडवतो आणि चाकाची पकडही घालवतो. निकेल सिल्व्हरवर ऑक्साइडचा त्रास पितळेपेक्षा कमी, स्टेनलेस स्टीलवर जवळपास नाहीच. पण पानांचा थर धातू पाहून बसत नाही.

म्हणून या बागेसाठी माझा कौल बॅटरीलाच. चार लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडले की १४.८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १६.८. छोटं दोन किंवा तीन आसांचं इंजिन साधारण अर्धा ते एक अँपिअर घेतं, म्हणजे ३००० मिलीअँपिअर-तासांच्या संचावर तीन तासांच्या पुढे सहज चालतं. रुळातून मिळणाऱ्या २४ व्होल्टच्या तुलनेत कमाल वेग कमी मिळतो. अरुंद गेजच्या गाडीला तोच शोभतो. संचाला संरक्षक सर्किट हवंच, आणि संचाच्या अगदी जवळ दोन-तीन अँपिअरचा फ्यूज. बॅटरी इंजिनात मावत नसेल तर मागच्या बंद डब्यात ठेवा आणि उलटा न बसणाऱ्या प्लगने जोडा. रेडिओचा रिसीव्हर धातूच्या कवचात कोंडू नये, अँटेना प्लास्टिकच्या छताखाली उभी ठेवावी. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झचे संकेत शोषतात, तेव्हा जमिनीलगतच्या दाट झुडपांआड पल्ला कमी मिळणार हे गृहीत धरा.

एक गोष्ट राहून जाते आणि मग सर्किट जळतं. बॅटरी बसवताना चाकांवरून वीज घेणारे ब्रश आणि रुळावर घासत जाणाऱ्या पट्ट्या पूर्ण तोडाव्यात. नुसतं 'आता रुळात वीज नाही' म्हणून त्या तशाच ठेवल्या, तर बॅटरीचा प्रवाह चाकांतून रुळात उतरतो आणि उलट्या फेरीच्या मार्गावर (जिथे गाडी वळून त्याच मार्गावर उलट तोंडाने परत येते) थेट शॉर्ट होतो. एलजीबीच्या 'श्टाइन्त्स' या छोट्या इंजिनाखाली अशा घासपट्ट्या असतात. त्या काढल्याने अजून एक फायदा होतो: वर आलेल्या खड्याला किंवा मुळाला अडकणारी सर्वांत खालची वस्तूच निघून जाते.

वाफेचं इंजिन चालवणाऱ्यांना विजेचा प्रश्नच नाही. त्यांना हा रूळ फक्त भक्कम रस्ता म्हणून हवा, आणि त्या कामात तो उत्तम आहे. मात्र वाळलेल्या झाडोऱ्यात ब्युटेन भरताना गळणारा गॅस आणि उघडी ज्योत यांचा विचार आधी करावा. गॅस रुळापासून दूर, मोकळ्या जागी भरायचा, पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवायची, आणि वाळकं गवत असेल त्या दिवशी इंजिन पेटवायचं नाही.

रूळ घासणारं इंजिन: कुठवर उपयोगी

एलजीबीचं स्वतःचं रूळ साफ करणारं इंजिन मिळतं. चालायला एक मोटर आणि रूळ घासणारी चाकं फिरवायला दुसरी, अशी त्याची रचना. ऑक्साइडचा आणि वाळलेल्या चिकट्याचा थर ते छान काढतं. पण तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. एक, त्याला वीज त्याच मळक्या रुळातून मिळते, म्हणजे जिथे मळ सर्वांत जास्त तिथेच ते अडखळतं. दोन, एका जागी अडकून पडलं आणि घासणारी चाकं फिरत राहिली, तर रुळाच्या माथ्यावर खळगा पडतो. त्याच्यावर नजर ठेवूनच चालवावं, मागे चहा प्यायला जाऊ नये. तीन, पानं आणि काड्या ते हटवत नाही, त्यांच्यावर चढतं. बॅटरीवर चालणाऱ्या मार्गासाठी ते घ्यायची गरज नाही.

त्याहून स्वस्त आणि झाडोऱ्यात जास्त कामाचं साधन म्हणजे लांब दांड्याला बसवलेलं चपटं फिरतं पाऊल, भिंत घासायला वापरतात तसं, आणि त्याला हिरवी घासणी. वाकावं लागत नाही, झुडपाखाली हात घालावा लागत नाही. क्रम असा: आधी ब्लोअर किंवा मऊ झाडूने पानं उडवायची, मग घासणी फिरवायची, डिंकाचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचे, शेवटी कोरडं फडकं. सँडपेपर नको, त्याचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात. लोखंडी काथ्या तर अजिबात नको. त्याचे तुकडे खडीत पडतात आणि इंजिनच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. याच कारणाने नवी खडी टाकण्याआधी तिच्यातून एकदा चुंबक फिरवावा. लोहयुक्त दगडाच्या खडीत चुंबकाला लागणारे कण पुष्कळ निघतात.

डब्यांची प्लास्टिकची चाकं शक्य तितक्या लवकर धातूची करावीत. प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर पसरवत जातात, आणि हलके डबे ओल्या वळणावर सहज उचलले जातात.

पाया आणि तण

चांगला रूळ वाईट पायावर दोन पावसांत निकामी होतो, म्हणून याला जागा देतो. मोकळ्या जमिनीत २० सेंमी रुंद आणि १२ सेंमी खोल चर खणावा. तळाला तणरोधक कापड, त्यावर कोनदार खडी आणि दगडाची कच धुमसून, वर ३ ते ६ मिमीची टोकदार बारीक खडी. मीटरभर चराला २४ लिटर भराव लागतो. वरचा तीन सेंमीचा थर १६ सेंमी रुंदीत पाच लिटर, म्हणजे साधारण साडेसात किलो. गोल गोटे कितीही छान दिसले तरी टाकू नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत आणि गाडीच्या धक्क्याने मार्ग सरकत राहतो.

तणरोधक कापडावर फार विश्वास नको. हरळी वरून धावते आणि स्लीपरांच्या मधल्या फटीत मुळं टाकते, तर लव्हाळ्याचा टोकदार कोंब खालून कापडच भोसकून वर येतो. लव्हाळा उपटला की गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. तेव्हा चर खणतानाच गाठी चाळून काढायच्या, नंतर हे काम होत नाही. मीठ टाकून तण मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. मीठ पितळ खातं, स्क्रू खातं आणि शेजारची माती नापीक करतं. व्हिनेगरमुळे पितळेवर हिरवा थर चढतो. चिमट्याने किंवा अरुंद खुरप्याने मुळासकट काढणं, आणि दर वर्षी खडीचा वरचा थर चाळून पुन्हा टाकणं, हाच टिकणारा उपाय. साठलेली माती हेच तणाचं अन्न. ती चाळणीत निघून गेली की निम्मं तण येतच नाही.

मोठ्या झाडाखाली चर खणूच नये. मुळं तुटतात, झाडाला इजा होते, आणि राहिलेली मुळं जाड होत जाऊन मार्ग उचलतात. तिथे जमिनीपासून २० ते ३० सेंमी उंच खुंट्या रोवून त्यांवर पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची शिडी टाकावी. दोन लांब पट्ट्या, मध्ये ठोकळे. लवचिक असल्याने वळण आपोआप गोलाईदार येतं. पानं खालून वाहून जातात, मुळांना वाढायला जागा राहते, आणि रूळ कमरेच्या जरा जवळ येतो.

चढ शंभराला दोनच्या आत ठेवावा, चार ही शेवटची हद्द. ओल्या, पानं पडलेल्या रुळावर चारच्या चढाला चाकं जागच्या जागी फिरतात. आडवी समपातळी उतारापेक्षाही महत्त्वाची आहे. पाण्याची पट्टी रुळांवर आडवी ठेवून दर अर्ध्या मीटरला पाहा. एकच रूळ अचानक दोन-तीन मिमी खाली गेला असेल तर ताठ चौकटीच्या डब्याचं एक चाक हवेत राहतं आणि तो तिथेच घसरतो. त्या जागी रूळ दाबायचा नाही, खाली खडी ठासून वर घ्यायचा.

झाडं किती छाटायची याचा अंदाज घेऊ नये, मोजमाप घ्यावं. सर्वांत लांब आणि सर्वांत उंच डब्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर पेन्सिली बाहेर काढून टेपने चिकटवा, प्रत्येकी तीन सेंमी. हा डबा हाताने पूर्ण मार्गावर ढकला. जिथे पेन्सिल लागेल तिथे छाटा, आणि वाढीच्या दिवसांत अजून पाच सेंमी जास्त. वळणाच्या आतल्या बाजूला डब्याचं पोट लागतं, बाहेरच्या बाजूला टोकं. दोन्हीकडे बघायला हवं. रांगती थाइम किंवा बुटके सेडम मार्गाच्या अगदी कडेला लावले तरी चालतात. आयव्ही आणि बांबू यांच्यापासून मार्ग दूरच न्यावा.

पॉइंट

पॉइंट म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा; त्यातले हलणारे टोकदार रूळ म्हणजे जिभा. आर-१ चे पॉइंट घेऊ नयेत, आर-३ चे घ्यावेत, आणि जितके कमी तितके बरे. पॉइंट खडीवर नको, फरशीच्या तुकड्यावर बसवावा, म्हणजे खालची जमीन हलली तरी जिभा वाकत नाहीत. जिभेच्या फटीत सूचिपर्णी पानं, बिया आणि एकटा खडा सुद्धा पुरतो. गाडी सोडण्याआधी जुन्या टूथब्रशने ती फट साफ करणं सक्तीचं समजा. हाताने हलवायचे पॉइंट झाडोऱ्यात विजेच्या पॉइंटपेक्षा भरवशाचे. विजेच्या यंत्राच्या पेटीत मुंग्या घर करतात आणि आत माती भरून दांडा अडतो. यंत्र हवंच असेल तर पेटी वर्षातून दोनदा उघडून झाडावी आणि खालची पाणी निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का ते पाहावं.

इंजिनाची देखभाल थोडक्यात सांगतो. काही फेऱ्यांनंतर ते उलटं करून आसांवर गुंडाळलेलं कोळ्याचं जाळं, केस, गवताचे धागे चिमट्याने काढावेत. हे धागे गिअरच्या पेटीत शिरले की मोटर जास्त प्रवाह घेते आणि बॅटरी लवकर संपते. चाकांमधलं आतलं अंतर ४० मिमीच्या जवळ आहे का ते कॅलिपरने तपासावं. वंगण प्लास्टिकला चालणारंच हवं, आणि चाकावरच्या रबरी कड्याला त्याचा थेंबही लागता कामा नये.

वापरलेला रूळ मिळाला तर जरूर घ्यावा. पितळ काळं पडलेलं असलं तरी हरकत नाही, घासून निघतं. तपासायच्या गोष्टी तीन. स्लीपरचं टोक बोटाने वाकवून पाहा. कट्कन तुटलं तर उन्हाने प्लास्टिक गेलं आहे. रूळ उलटा करून चिमटे मोजा. सलग दोन स्लीपरांवरचे चिमटे नसतील तर तो तुकडा सरळ भागातच वापरा, वळणात नाही. जोडपट्ट्या चिरलेल्या असतील तर त्यावरून सौदा सोडू नका, कारण त्या तुम्ही काढून क्लॅम्पच लावणार आहात.